गोसाहेब

यांना तुम्ही भेटला आहात, पण चेहरा आठवणार नाही. ‘कोणता मिक्सर घ्यावा?’ छापाच्या लेखात ‘किंमत पाहा’ असं बटण असतं ना? त्यावर बोट टेकल्यापासून दुकान उघडेपर्यंत जो निमिष जातो, तेवढीच यांची हयात. जात रिडायरेक्टची. मुक्काम बहुधा वेबसाइटच्या ‘गो’ नावाच्या फोल्डरात, म्हणून आपण गोसाहेब म्हणू.

नीटनेटकेपणाचं यांना भारी वेड. अफिलिएट लिंक, म्हणजे खरेदीवर कमिशन मिळवून देणारी लिंक, हे मुळात गबाळं प्रकरण: प्रश्नचिन्ह, आकड्यांची माळ आणि कमिशन कुणाला द्यायचं ते सांगणारा टॅग. कॉम्प्युटरवर बटणावर माउस नेला की ब्राउझरच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात ही सगळी लक्तरं दिसतात. गोसाहेब असले की तिथे फक्त ‘स्लॅश गो स्लॅश मिक्सर’. कडक इस्त्री!

पण पोटात काही राहत नाही. ॲमेझॉनचं भारतातलं दुकान उघडलं की वरच्या पट्टीत बघा, ‘-२१’ असं शेपूट असलेला तो टॅग बऱ्याचदा उघडा बसलेला असतो. ज्याच्यासाठी एवढा आडपडदा, तोच शेवटी पाहुण्याच्या डोळ्यांपुढे. ॲमेझॉनने ही कमिशनची पद्धत १९९६ साली सुरू केली. दुसऱ्याचा टॅग खोडून आपला चिकटवणारे भामटेही मग निघालेच. त्यांच्यापासून जपायला आडोसा हवा होता, हे मात्र यांच्या बाजूने मान्य करायला हवं.

खरा कामसूपणा घरात दिसतो. मिक्सर बाजारातून उठला, दुकानाने कमिशन घटवलं, काहीही होवो. मालकाने एका जागी पत्ता बदलला की सगळ्या लेखांतली बटणं नव्या दुकानाकडे वळतात. शिवाय कोण कुठल्या बटणावरून गेलं, याची वही हे मुकाट्याने भरत असतात.

स्वभाव दोन, आणि ते ओळखायचे आकड्यांवरून. तीनशे दोन म्हटलं की आपल्याकडे अजून पोलीस आठवतात, पण इथे ३०२ हाच सज्जन. ‘तूर्त तिकडे जा,’ एवढंच सांगतो. ३०१ मात्र एकदम ‘कायमचं तिकडे’ म्हणून मोकळा होतो आणि ब्राउझर ते मनावर घेतो. पुढच्या खेपेला तो यांना न विचारताच परस्पर जुन्या दुकानात जाऊ शकतो. मग पत्ता बदला नाहीतर वही उघडून बसा. मुरलेले मालक म्हणूनच ३०१च्या वाटेला जात नाहीत.

गूगलच्या बॉटला हे बहुतेकदा दारातूनच परत पाठवतात. दुकानदारापुढे मात्र भिजलेलं मांजर. क्लिक कुठल्या साइटवरून आला हे झाकायला ॲमेझॉनच्या नियमांत मनाई आहे. फार हुशारी केली तर मालकाचं खातंच बंद व्हायचं.

राहिला वाचक. पैशाचा संबंध असेल तर तसं उघड सांगा, असं भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली इन्फ्लुएन्सरांना बजावलं. कमिशनची ओळ बटणाशेजारी ठसठशीत असली तर गोसाहेबांच्या गुळगुळीत पत्त्याबद्दल कुणाची तक्रार नसावी. ती तळाशी फिकट राखाडी अक्षरांत सापडली, तर मात्र जाब मालकाला विचारा. हे बापडे हुकमाचे ताबेदार.

आणि मिक्सर नुसता पाहून परतलात म्हणून सुटलात, असं समजू नका. ॲमेझॉनची मुदत सहसा २४ तासांची असते. तेवढ्यात चपला घेतल्यात, तरी त्यांचंही कमिशन बहुधा यांच्याच मालकाच्या खात्यावर.