पाण्याची वाट

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण एकच - डेक.

भारतातल्या मंडळींसाठी आधी थोडं सांगतो. डेक म्हणजे घरामागचा लाकडी ओटा. आमचा जमिनीपासून नऊ फूट उंच आहे, स्वयंपाकघराच्या दारातून थेट त्यावर पाऊल पडतं. बाहेरच्या बाजूला त्याला खांब आहेत, पण घराच्या बाजूला खांब नसतात. तिथे घराच्या भिंतीवर एक जाड, लांब फळी आडवी बसवलेली असते. तिला लेजर म्हणतात. डेकच्या सगळ्या तुळयांची एक बाजू या फळीला टांगलेली असते. म्हणजे अर्ध्या डेकचा भार त्या एका फळीच्या भरवशावर!

गेल्या वर्षी गणपतीत आरती झाल्यावर आम्ही सगळे फोटोसाठी याच डेकवर उभे होतो. मोजून बावीस माणसं, त्यात सहा पोरं उड्या मारणारी. फोटो छान आला. मग या वसंतात बर्फ वितळल्यावर तळघरात कुबट वास यायला लागला. टॉर्च घेऊन बघितलं तर डेकच्या मागच्या भिंतीवर काळा ओघळ. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला. उकडलेल्या बटाट्यात जावा तसा तो आत गेला.

आधी डेकवर जायचं दार कुलूप लावून बंद केलं. मग सुतार आला, त्याने डेकखाली टेकू लावले आणि साइडिंग उचकटलं. १९९४ साली ज्याने कोणी हा डेक बांधला, त्याने ती फळी थेट साइडिंगवरच नुसत्या खिळ्यांनी ठोकली होती. वरच्या फटीत सीलंट भरला होता, तो केव्हाच तडकलेला. फ्लॅशिंग नावाची गोष्टच नव्हती. फ्लॅशिंग म्हणजे फळी आणि भिंत यांच्या सांध्यावर पाणी बाहेर काढून देणारी पट्टी. पट्टी नाही म्हटल्यावर न्यू जर्सीचा तीस वर्षांचा पाऊस आणि भिंतीला टेकून वितळणारा बर्फ, सगळं त्या सांध्यातून आत. फळी तर गेलीच, मागची घराची तुळईसुद्धा सहा फूट कुजलेली निघाली.

लाज याची वाटली की दर दोन वर्षांनी मी या डेकला हौसेने रंग लावत होतो. लोक म्हणायचे, "वा, डेक काय छान ठेवलायस!"

२०१५ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला एक बाल्कनी कोसळून सहा विद्यार्थी गेले, ते अनेकांना आठवत असेल. तिथली बांधणी वेगळी होती, पण कारण तेच - पाणी मुरून कुजलेलं लाकूड. त्या रात्री मी तो गणपतीचा फोटो पुन्हा उघडून बघितला आणि बराच वेळ झोप लागली नाही.

असो. तर आता फ्लॅशिंग निवडायचं होतं. मला वाटलं, पत्रा तो पत्रा, त्यात काय निवडायचं? पण हे काम म्हणजे लग्नासाठी पत्रिका जुळवण्यासारखं निघालं.

सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळतं ते अ‍ॅल्युमिनियम. एका कंत्राटदाराने तेच सुचवलं होतं. पण इथल्या डेकच्या लाकडाला कीड-बुरशी लागू नये म्हणून रसायन भरलेलं असतं. २००३ च्या अखेरपर्यंत त्यात आर्सेनिक असायचं. घरगुती कामासाठी ते बंद झालं आणि त्याऐवजी आलेल्या रसायनांत तांब्याचं प्रमाण बरंच जास्त. ओलं लाकूड, त्यात तांबं, आणि त्याला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम... थोड्याच वर्षांत पत्र्याची चाळण होते. पत्रिका बाद.

मग तांब्याचाच पत्रा लावावा? लाकडाशी त्याचं उत्तम जमतं. पण महाग, आणि तांब्यावरून ओघळलेलं पाणी तुळया धरून ठेवणाऱ्या जस्ती हँगरांवर पडलं की ते गंजतात. स्टेनलेस उत्तम, पण किंमत ऐकून बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं. प्लास्टिकच्या पट्टीचं कुणाशीच भांडण नाही, पण उन्हाने आणि कडाक्याच्या थंडीने ती तडकू शकते.

शेवटी जाड जस्ताचा थर असलेला पोलादी पत्रा घेतला. हँगर जस्ती, अर्ध्या इंचाचे बोल्टही जस्ती, म्हणजे सगळे एका जातीचे. पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये चिकट पडद्याची पट्टी, म्हणजे दोघांची थेट गाठच नको!

बसवताना खरी गंमत झाली. कुजलेली तुळई बदलली, भिंतीवर चिकट पडदा लावला, नवीन फळी बोल्टांनी पक्की केली. मग सुताराने पत्रा फळीवर ठेवला आणि त्याची वरची बाजू हाउसरॅपच्या *वरून* चिकटवली. हाउसरॅप म्हणजे साइडिंगच्या आत घराला गुंडाळलेला पांढरा कागद. म्हटलं, "अरे, कागदावरून पाणी उतरलं तर पत्र्याच्या मागे जाईल की!" तो म्हणाला, "वरून टेप मारतो ना."

आणि मला देवरूखचं आमचं घर आठवलं. पडवीचं छप्पर जिथे घराच्या भिंतीला टेकतं, तिथे बाबांनी गवंड्याकडून भिंतीत खाच पाडून पत्र्याची पट्टी आत घुसवून घेतली होती. दर मे महिन्यात कौलं परतली की बाबा स्वतः शिडीवर चढून ती पट्टी बघायचे. मला तेव्हा तो त्यांचा उगाच कटकटेपणा वाटायचा. आदल्याच दिवशी फोनवर त्यांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, "वरचं कौल खालच्यावर चढवायचं, एवढंच ते. का तुमच्या अमेरिकेत पाणी वर चढतं?"

टेपचा गोंद आज ना उद्या सुटणार. पाणी खाली वाहायचं काही सोडणार नाही. मी सुताराला काम थांबवायला लावलं. अर्धा दिवस वाया गेला, तो वैतागला, त्याचे जादा पैसे दिले. पण पत्र्याची वरची बाजू कागदाच्या आत गेली, कागद पत्र्यावर आला, आणि पत्र्याची खालची कड फळीच्या पुढे थोडी बाहेर वळलेली राहिली, पाणी लाकडाला न लागता ठिबकावं म्हणून. सगळ्यात जास्त वेळ दाराच्या उंबऱ्याखाली गेला. तिथे जागा कमी आणि पाणी जास्त. टाउनशिपचा इन्स्पेक्टर आला, त्याने कागदाखाली बोट घालून पाहिलं, आणि मगच साइडिंग बंद करायची परवानगी दिली.

बंद करण्याआधी मी वीस मिनिटं भिंतीवर होजने पाणी सोडलं आणि मुलाला खालून व्हिडिओ काढायला लावला. पत्र्याच्या कडेवरून ओळीने थेंब पडत होते. आत तळघरात कोरडं ठणठणीत. व्हिडिओ बाबांना पाठवला. ऐंशी वर्षांच्या माणसाचं उत्तर दोन तासांनी आलं: "पागोळ्या बऱ्या पडतायत."

आता ते सगळं साइडिंगच्या आत गेलंय. बघून कुणी वा म्हणणार नाही, आणि रंग तर या वर्षी लावायचाच राहिला. पण गणपतीत या, डेकवरच फोटो काढू.

आणि ज्यांच्या घरी डेक आहे त्यांनी आज संध्याकाळी एक स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली जाऊन या. पाच मिनिटांचं काम आहे. पाण्याची वाट चुकली की घराची वाट लागते, हे मी पैसे मोजून शिकलोय.