वेरूळची शेवटची पाच लेणी

मुंबईहून वेरूळला जाणाऱ्या सहलींचा क्रम बहुधा ठरलेला असतो. रात्रभर प्रवास करून बस पहाटे छत्रपती संभाजीनगरला पोहोचते. नवकारशी उरकून मंडळी लेण्यांच्या दाराशी येतात. कैलास लेणे पाहता पाहता दुपार होते, मग बौद्ध लेण्यांतील विश्वकर्मा आणि त्यानंतर भोजन. जैन लेणी, म्हणजे क्रमांक 30 ते 34, कैलासापासून किलोमीटरभराहून अधिक अंतरावर उत्तरेच्या टोकाला आहेत. तेथे बस पोहोचते तेव्हा उन्हे कललेली असतात आणि सूर्यास्तापूर्वी चौविहार आटोपण्याची घाई सर्वांच्या मनात असते. ज्या समाजाच्या पूर्वजांनी ही पाच लेणी कोरविली, त्या समाजाचीच मंडळी त्यांना पंधरा मिनिटांहून अधिक वेळ देत नाहीत. याला विनोद म्हणावे की दुर्दैव?

घाटकोपर पूर्वेतील एक वयस्क व्यापारी, ज्यांची मशीद बंदरला पॅकिंगच्या सामानाची पेढी आहे, आपल्या संघाच्या पाठशाळेतील मुलांना घेऊन अशाच एका सहलीला गेले होते. सोबत त्यांची सातवीत शिकणारी नात होती. बत्तिसाव्या लेण्यात वाटाड्याने सांगितले, “ही इंद्रसभा.” मुलांनी मान डोलावली. नात मात्र आजोबांच्या कानाशी लागून म्हणाली, “दादाजी, इंद्राची सभा असेल, तर मग मध्यभागी भगवान का बसले आहेत?”

प्रश्न साधा होता, पण आजोबांजवळ उत्तर नव्हते. घरी परतल्यावर त्यांनी पुस्तके मागविली, ओळखीच्या एका प्राध्यापकांना गाठले, तेव्हा उलगडा झाला. वडाच्या झाडाखाली हत्तीवर बसलेल्या ज्या पुरुषमूर्तीला लोक इंद्र समजत आले, ती मूर्ती यक्षाची आहे. तिच्या जोडीला आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली, मांडीवर बालक घेतलेली देवी ही इंद्राणी नसून यक्षी अंबिका आहे. गैरसमजातून पडलेले नाव रूढ झाले आणि फलकावरही तेच चढले. घाटकोपरच्या देरासरात अंबिकामातेसमोर रोज हात जोडणारी चाळीस मुले त्याच अंबिकेसमोरून गेली आणि एकानेही तिला ओळखले नाही, ही गोष्ट त्या गृहस्थांना फार लागली.

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. वेरूळच्या जैन लेण्यांत दोन दृश्ये वारंवार आणि बहुधा समोरासमोर कोरलेली आहेत. एकीकडे नागफणांच्या छत्राखाली निश्चल उभे असलेले पार्श्वनाथ, त्यांच्याभोवती शिळा उचलून धावणारा कमठ आणि त्याचे उपसर्ग. दुसरीकडे वेलींनी वेढलेले बाहुबली. एकावर बाहेरून संकट कोसळते आहे, दुसऱ्याचा झगडा स्वतःच्या सूक्ष्म अभिमानाशी आहे. पाठशाळेत या दोन्ही कथा मुलांना तोंडपाठ असतात. परंतु कथा घाटकोपरला राहते आणि शिल्प वेरूळला. मूर्ती दिगंबर परंपरेच्या असल्यामुळे श्वेतांबर घरांतील मुलांना त्या क्षणभर अनोळखी वाटतात हे खरे, पण कमठ दोन्हीकडे तोच आहे.

जगभर आज असा विचार बळावतो आहे की वारसास्थळी येणाऱ्याने केवळ पाहत जाऊ नये, त्याने काही करावे, शोधावे, विचारावे. आपल्या मुंबईतही ही दृष्टी पोहोचली आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 साली बसमध्ये प्रदर्शन मांडून ते शाळांच्या दारी नेण्यास आरंभ केला, आणि 2019 साली आपल्याच आवारात मुलांसाठी स्वतंत्र बालसंग्रहालय उघडले. त्याच संग्रहालयात बाहुबलींची हजार वर्षांहून जुनी कांस्यमूर्ती आहे, आणि खानदेशातील चहार्डी येथे सापडलेली, चोवीस तीर्थंकरांसह घडविलेली आदिनाथांची धातुप्रतिमाही आहे. घाटकोपरहून लोकलने तासाभराची वाट. आपल्या कुटुंबांनी पालिताण्याच्या किती यात्रा केल्या याची मोजदाद ठेवलेली असते, पण या दोन मूर्ती किती जणांनी पाहिल्या आहेत?

पाठशाळेच्या मुलांकडून पुढच्या वेळी लेण्यांत काही शोधकार्य करवून घ्यावे, अशी सूचना त्या गृहस्थांनी ट्रस्टमंडळासमोर मांडली, तेव्हा ती सहज मान्य झाली नाही. एक ज्येष्ठ सदस्य स्पष्टच म्हणाले, “शेठ, शिखरजीचे प्रकरण इतक्यात विसरलात काय?” त्या प्रश्नात बळ होते. ज्या पर्वतावर वीस तीर्थंकरांचे निर्वाण झाले, तो पारसनाथ पर्वत ऑगस्ट 2019 च्या अधिसूचनेमुळे पर्यटनाच्या कक्षेत आला. त्याविरुद्ध 2022 च्या अखेरीस देशभर जैन समाज रस्त्यावर उतरला. 5 जानेवारी 2023 रोजी केंद्र शासनाने तेथील पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. मुंबईच्या मोर्चात घाटकोपरची कितीतरी कुटुंबे चालली होती. ज्यांनी तेव्हा ‘तीर्थ म्हणजे पर्यटनस्थळ नव्हे’ असे फलक धरले, त्यांनीच आता मुलांना लेण्यांत खेळ खेळायला न्यावे काय?

उत्तर देताना त्या गृहस्थांनी भेद दाखविला. शिखरजीवर पूजा-वंदना अखंड चालू आहे, तेथे जाणारा यात्रेकरू असतो आणि त्याने यात्रेकरूच राहावे. वेरूळची ही लेणी पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील संरक्षित स्मारके आहेत, 1983 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि मंगळवार वगळता रोज जगभरचे प्रवासी तेथे येतातच. ते येणार हे ठरलेले आहे. त्यांना तेथे चुकीचे नाव सांगितले जावे की खरी कथा, एवढेच आपल्या हाती आहे. (त्या लेण्यांच्या वरच्या डोंगरावरील पार्श्वनाथांचे मंदिर मात्र पूजेतले आहे. तेथे मुलांनी केवळ दर्शन घ्यावे, कागद-पेन्सिल पायथ्याशी ठेवून जावे, असेही त्यांनी आपणहून सुचविले.)

दुसरा आक्षेप स्पर्शाचा होता. सहभाग म्हटला की हात लावणे आलेच, अशी समजूत असते. येथे परंपरा आणि कायदा यांचे एकमत निघाले. स्नान करून, पूजेची वस्त्रे नेसून, मुखकोश बांधल्यावाचून आपण प्रतिमेला स्पर्श करीत नाही. संरक्षित शिल्पाला तर कोणीच करावयाचा नाही. तेव्हा हात शिल्पापासून दूर ठेवूनच सहभागाची वाट शोधायची होती.

आणि ती वाट आपल्या घरचीच आहे. कार्तिकी पौर्णिमेला जे पालिताण्याला जाऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी शत्रुंजयाचा पट मांडला जातो. त्या चित्रातील वाट डोळ्यांनी चढत, टूक टूक वंदन करीत भाविक भावयात्रा करतात. मोतीशा शेठांच्या भायखळ्याच्या आदीश्वर मंदिरात त्या दिवशी उसळणारी गर्दी मुंबईकरांना ठाऊक आहेच. पर्युषणात चौदा स्वप्ने उतरतात तेव्हा बोली मणांत चढत जाते, लहान मूल पारणा झुलविते, गृहिणी अक्षतांची गहुली काढते. यांपैकी कोणीही नुसता प्रेक्षक नसतो. ज्या समाजाने चित्रावरून पर्वत चढण्याची युक्ती शोधली, त्याने लेण्यांत पोहोचल्यावर मात्र वाटाड्याच्या मागे मुकाट चालावे, हे विपरीत आहे.

त्या गृहस्थांनी नातीला जवळ बसवून चार पानांची एक पुस्तिका रचली. तीत माहिती थोडी, प्रश्न अधिक. अंबिकेच्या झाडाची फळे शोधा आणि तिचे वाहन काढा. पार्श्वनाथांवर छत्र कोणी धरले आहे? कमठाच्या सैन्यात कोणते प्राणी दिसतात? बाहुबलींच्या बाजूच्या दोन स्त्रिया वेलींचे काय करीत आहेत? एक प्रश्न नातीने स्वतः घातला: बत्तिसाव्या लेण्याचा वरचा मजला नक्षीने भरलेला आहे आणि खालचा अपुरा, तर कारागिरांनी आधी कोणता कोरला? लेणे वरून खाली कोरीत येतात, ही गोष्ट कोणी न सांगता मुलाला तेथे कळते. क्रमांक 30 चा ‘छोटा कैलास’ अपूर्ण का राहिला असावा, यावर मात्र प्रत्येकाने आपले मत लिहायचे. संध्याकाळी धर्मशाळेत, लेण्यांपासून दूर, शाडूची माती घेऊन आवडलेले एक लांछन घडवायचे. आणि या सहलीत सकाळी सर्वप्रथम जैन लेणी, कैलास नंतर.

खर्चाचा प्रश्न घरातच अडला. दिवंगत मातोश्रींच्या स्मरणार्थ बाजूला ठेवलेल्या रकमेतून पुस्तिका छापावी आणि दोन तरुणांना लेण्यांचे शिक्षण द्यावे, असे थोरल्या बंधूंचे म्हणणे पडले. धाकटे बंधू संगमरवरी तक्तीसाठी आग्रही होते. “तक्तीवर बांचे नाव शंभर वर्षे राहील, भाई. कागद पावसात भिजून जाईल.” थोरल्यांनी वाद घातला नाही. अक्षरओळख नसलेल्या बा पटासमोर बसून बोटाने हवेत वाट रेखीत नातवंडांना शत्रुंजय चढवून आणीत, एवढेच त्यांनी आठवून दिले. धाकटे बराच वेळ काही बोलले नाहीत. अखेर निम्मी रक्कम तक्तीला, निम्मी पुस्तिकेला असे ठरले. व्यापारी घरातील तडजोड ती, दोघांचेही पूर्ण समाधान झालेले नाही.

पहिल्या छपाईच्या दोनशे प्रती आल्या आहेत. मराठी आणि गुजराती मजकूर समोरासमोरच्या पानांवर आहे. वाटेत भेटणाऱ्या परप्रांतीय प्रवाशांसाठी हिंदीतही काढावी, अशी पाठशाळेच्या शिक्षिकांची सूचना आहे. लेण्यांच्या आवारात ती वाटण्यास परवानगी लागेल, त्यासाठीचा अर्ज लिहून तयार आहे. दिवाळीच्या सुट्टीत पहिली तुकडी निघेल. नातीने दोन मैत्रिणींसह अंबिकेसमोर उभे राहून सांगावयाची चार वाक्ये पाठ केली आहेत. सध्या ती पेढीवरच्या हमालभाऊंना आणि गिऱ्हाइकांना ऐकवून पाहते. परवा एका गिऱ्हाइकाने मध्येच विचारले, “मांडीवर एकच मूल का? अंबिकेला तर दोन मुलगे ना?” तो प्रश्न तिने पुस्तिकेच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून घेतला आहे.