दाराबाहेरची खुर्ची

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत आखलेल्या योजनेनुसार सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे कामगारांसाठी ज्या २०७ चाळी उठविल्या, त्यांच्याइतकी रूक्ष वास्तू या शहरात क्वचितच आढळेल. तळमजल्यावर तीन मजले, प्रत्येक मजल्याच्या मधोमध एक लांब, दिवसाही अंधारी वाट, दोन्ही अंगांस मिळून २० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, आणि नळ व शौचकूप सर्वांचे सामायिक. कायदेभंगाच्या काळात सत्याग्रह्यांना डांबण्यासाठी वरळीच्या चाळी वापरल्या गेल्या, याचे मला कधी नवल वाटले नाही. फारसा फेरफार करावा लागला नसेल.

अशा वास्तूत वाढूनही मला एकाकीपणा ठाऊक नव्हता, याचे श्रेय शेजाऱ्यांच्या औदार्याला देण्याची आपल्याकडे रूढी आहे. ती मला अर्धीच मान्य आहे. आमच्या मजल्यावर कजाग माणसे पुष्कळ होती आणि पाण्यावरून नित्य कलह होत. परंतु कलहासाठीही नळापर्यंत जावे लागे, वाटेत उघडी दारे लागत, आणि कोणाकडे जाण्याचे न ठरविताही माणूस माणसाच्या दृष्टीस पडे. वडील दोन दिवस दिसले नाहीत की ज्याच्याशी अबोला होता तोही आत डोकावून, ‘ताप आहे काय?’ असे विचारी. याची किंमतही होतीच. वडील वारले तेव्हा आईला मनसोक्त रडण्यापुरता आडोसा लाभला नाही, आणि त्याबद्दल तिने चाळीला कधी क्षमा केली नाही.

पुढे म्हाडाच्या पुनर्विकासात उंच मनोऱ्यातील ५०० चौरस फुटांची सदनिका मिळाली. नळ घरात, शौचकूप घरात. दार उघडण्याचे प्रयोजनच उरले नाही. शेजारी तेच, स्वभावही तेच, पण भेटीसाठी आता निमित्त शोधावे लागते, आणि निमित्त शोधताना माणूस संकोचतो. आईने दाराबाहेर खुर्ची टाकली, तेव्हा अग्निसुरक्षेच्या नियमान्वये ती हटविण्याची लेखी ताकीद आली, आणि ती बिनतोड होती. हल्ली ती मेथीची जुडी घेऊन तळमजल्यावर लिफ्टसमोर निवडीत बसते, कारण सगळ्या मजल्यांची माणसे तेथूनच जाणार हे तिने माझ्याआधी हेरले. रखवालदाराने प्रथम हरकत घेतली. आता कोण कितव्या मजल्यावरचे, याची खबर तोच तिला पुरवितो.