अर्जाचे क्रियापद

शाळेत छत्तीस वर्षे मराठीचे व्याकरण शिकविलेल्या मनुष्याला एका अर्जाच्या शेवटच्या क्रियापदासाठी दोन रात्री जागावे लागेल, असे कोणी मला पूर्वी सांगितले असते तर मी ते हसण्यावारी नेले असते; परंतु २०२३ च्या मार्गशीर्षात, गोंदिया जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी धान उत्पादकांनी एक दिवसाचे धरणे धरावयाचे ठरविले आणि त्याची परवानगी मिळविण्याचे काम 'गुरुजींचे अक्षर चांगले' एवढ्याच गुणावर माझ्याकडे सोपविले, तेव्हा तो प्रसंग खरोखरच आला.

गाऱ्हाणे साधे होते. चुरणे आटोपून धान खरेदी केंद्राच्या आवारात येऊन पडले होते, साधारण धानाला क्विंटलमागे २,१८३ रुपये आधारभूत भाव जाहीर होता, पण केंद्रावर बारदाना नव्हता, आणि बारदान्यावाचून काटा होत नाही. ताडपत्रीखालच्या ढिगात हात खुपसला तर वरचे धान दवाने गार आणि आतले कोमट लागे. हे कोमट लागणे बरे चिन्ह नव्हे, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. तरुणांचे म्हणणे, नागपूरला अधिवेशन चालू आहे, तिकडेच जाऊ. वडीलधाऱ्यांचे म्हणणे, आपण तिथे गेल्यावर इथल्या ढिगांवरून मोकाट गुरे कोण हाकलील? वडीलधाऱ्यांचे चालले, आणि तहसील कचेरीसमोरचे मैदान मुक्रर झाले.

दिवाळीनंतरची मंडई याच मैदानावर भरते, मंडईच्या रात्री झाडीपट्टीचे नाटक सुरू होऊन कोंबडा आरवेपर्यंत चालते, आणि त्यामुळे ही जागा सर्वांचीच आहे असा आमचा पिढीजात समज होता. ठाण्यातील कारकुनाने अर्ज दोनदा वाचून जागामालकाचे ना-हरकत पत्र मागितले. नगरपंचायतीतल्या बाबूंनी जुना नकाशा टेबलावर पसरून, त्याच्या चारी कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवून, मैदान आपले नसून नझूलचे आहे हे बोटाने दाखविले. आणि महसूल शाखेत असे सांगण्यात आले, की जागा नझूलची खरी, पण आधी पोलिसांचा अभिप्राय हवा. 'नझूल' हा शब्द आमच्या मुलखाबाहेरच्या वाचकांना अपरिचित असेल: वस्तीतली, शेतीची नसलेली, सरकारच्या नावे चढलेली जमीन ती नझूल. १९५६ पर्यंत आम्ही ज्या मध्य प्रदेशात होतो आणि ज्याची राजधानी नागपूर होती, त्या राज्याची ही दफ्तरी आठवण १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तेव्हा वाटणीत आमच्याकडेही आली.

तिसऱ्या दिवशी माझ्यासोबत हिंडून दमलेला एक शेतकरी म्हणाला, "गुरुजी, आपल्याले बसाचं हाय का लिवाचं?"

ठाणेदार मात्र सौजन्यशील गृहस्थ होते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ चा जिल्हादंडाधिकाऱ्यांचा पंधरा दिवसांचा हुकूम लागू असून, त्यान्वये पाच किंवा अधिक इसमांना परवानगीवाचून एकत्र जमण्यास मज्जाव आहे, हे त्यांनी खुर्ची देऊन सांगितले. संख्या किती, ध्वनिक्षेपक किती, मंडपाचे खांब कुठे, हे सर्व त्यांना नकाशानिशी हवे होते. मी शाळेतली लाकडी पट्टी काढून लिंबाचे झाड, बोरिंग, मंडप आणि कचेरीचे फाटक असे सगळे प्रमाणात काढून दिले. आयुष्यात इतक्या काळजीने मी दुसरा नकाशा काढला असेन असे वाटत नाही.

"पुतळा वगैरे जाळणार नाही ना, गुरुजी?"

"साहेब, पुतळ्यात भरायची तणीस आम्ही जनावरांना ठेवतो," मी म्हणालो. ते हसले, पण 'पुतळा जाळणार नाही' हे वाक्य त्यांनी हमीपत्रात लिहवून घेतलेच.

आता त्या क्रियापदाविषयी. 'तरी परवानगी मिळावी ही नम्र विनंती' या वाक्याशी माझी लेखणी अडे, कारण 'धरणे' या शब्दाचा पिंडच मागणाऱ्याचा नाही. पूर्वी धनको ऋणकोच्या दारात अन्नपाणी वर्ज्य करून बसे, पगार थकलेले शिलेदार सरदाराच्या डेऱ्यापुढे बसत, आणि त्यांनी आधी कोणाकडे अर्ज टाकल्याचे ऐकिवात नाही; इंग्रजांना ही चाल इतकी खुपली, की १८६० च्या दंड संहितेत दैवी कोपाचे भय घालण्याच्या अपराधाचे उदाहरण म्हणून त्यांनी दारात धरणे धरून बसलेला मनुष्यच घातला. ज्याच्या दारात बसावयाचे त्याचीच बसण्यासाठी अनुज्ञा मागणे, हा प्रकार मला व्याकरणदृष्ट्याही विचित्र वाटे. गोंदियाच्या एका वकील स्नेह्यांपाशी मी हे बोललो, तेव्हा त्यांनी अहमदाबादच्या हिंमतलाल शहांचा दावा सांगितला: १९५१ च्या याच पोलीस कायद्याखाली केलेला एक नियम सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली रद्द ठरविला, आणि सार्वजनिक रस्त्यावरील सभांचे नियमन सरकारला करता येईल, पण अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला सरसकट नकार चालणार नाही, असा निर्वाळा दिला. "म्हणजे मी विनंती लिहू नये?" असे मी विचारले. वकीलसाहेब म्हणाले, "हुकूम लागू आहे तोवर लिहा. नसेल तेव्हा पाहू." मी लिहिले. मिंधेपणा वाटला हे लपवीत नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी, कचेरीच्या खिडक्या लागत असताना, सोळा अटींचा परवाना हाती पडला, आणि त्याच्यासोबत फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची नोटीसही. बसा, परंतु काही विपरीत घडले तर जबाबदार तुम्ही, असा तिचा मथितार्थ. नववी अट अशी, की कोणीही काठी अथवा लाठी बाळगू नये. सकाळी ती मोठ्याने वाचून दाखविली, तेव्हा आमच्यातले सर्वांत वृद्ध, ऐंशीच्या पुढचे एक आजोबा, आपली काठी मुकाट्याने लिंबाला टेकवून, दुसऱ्याच्या खांद्याचा आधार घेत मंडपात येऊ लागले. बंदोबस्तावरच्या शिपायाने ती काठी स्वतः उचलून त्यांच्या हाती परत दिली.

धरण्याविषयी सांगण्याजोगे थोडे आहे. अकरा ते पाच आम्ही बसलो, भाषणे लांबली, नायब तहसीलदारांनी बाहेर येऊन निवेदन घेतले. बारदान्याच्या गाठी आठ-दहा दिवसांनी उतरल्या, त्या आमच्यामुळे की आधीच निघालेल्या होत्या, ते मला आजतागायत कळलेले नाही.

पुढल्या पौषात तसाच प्रसंग पुन्हा आला. चौकशी केली तेव्हा कलम ३७ चा हुकूम त्या पंधरवड्यात लागू नव्हता. मी तारीख, वेळ, जागा, अंदाजे संख्या लिहिली, गेल्या सालचा नकाशा जोडला आणि 'आम्ही बसणार आहोत, हे आपणांस कळविण्यात येत आहे' असे लिहून सही केली. ठाण्यात तेच कारकून होते. त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली.

"गुरुजी, खाली 'परवानगी मिळावी' राहिलं."

"राहिलं नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, शाईच्या गादीवर शिक्का दोनदा दाबला, आणि माझ्या प्रतीवर पोच उमटवून दिली.