केवट

मंगळवार, रात्री.

आज परळला टाटा रुग्णालयाच्या दारात बीडचे एक काका भेटले. हातात एक्स-रेची पिशवी, तिच्यात घडी पडलेलं रेशनकार्ड. "बाळा, आधी कुठं जायचं?" विचारताना हात थरथरत होता. मी कागद लावून दिले: वर बायोप्सीचा रिपोर्ट, खाली आधार, रेशनकार्ड. उपचारांच्या खर्चासाठी महात्मा फुले योजनेची माहिती सांगितली, राहायला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा पत्ता लिहून दिला.

अशी रुग्णांना वाट दाखवणारी माणसं घडवायला टाटा मेमोरियलनं 2019 मध्ये अभ्यासक्रम सुरू केला, नाव 'केवट'. रामाला गंगापार नेणारा नावाडी. किती नेमकं नाव! उपचार डॉक्टर करतात. पण नावेत कुणीतरी सोबत लागतंच.

निरोप घेताना काकांनी माझा हात धरला. आता तो थरथरत नव्हता.