आठवणीत हाक ऐकू जात नाही

स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ (१९५७) या सिनेमातला इसाक बोर्ग हा ७८ वर्षांचा डॉक्टर. विद्यापीठाचा सन्मान घ्यायला तो सुनेबरोबर मोटारीने स्टॉकहोमहून लुंडला निघतो. वाटेत लहानपणीच्या उन्हाळी सुट्ट्यांचं घर लागतं. स्ट्रॉबेरीच्या झुडपांशेजारी तो टेकतो आणि तरुणपणीची एक सकाळ समोर सुरू होते. जिच्यावर त्याचा जीव होता ती सारा परडीत फळं वेचतेय. त्याचा भाऊ येऊन तिचं चुंबन घेतो. फळं सांडतात, कपड्यांना डाग पडतो, ती रडायला लागते. इसाक तिला हाक मारतो. तिला ऐकूच जात नाही. बर्गमनने इथे तरुण नट आणलेला नाही. स्वतःच्या आठवणीतही इसाक म्हाताराच, बाजूला उभा.

मुंबईतल्या खोताच्या वाडीत शिरलं की मला हा प्रसंग हटकून आठवतो. गिरगावचा गोंगाट मागे पडतो आणि लाकडी कठड्यांची, बाहेरून जिने असलेली ईस्ट इंडियन कुटुंबांची घरं दिसू लागतात. दादोबा वामन खोतांच्या जमिनीवर वसलेली ही वाडी. पासष्टेक घरं होती म्हणतात. आता त्यांतली निम्मीही नाहीत. इथल्या अनंताश्रम खानावळीत माशांचं ताट जेवलेले लोक अजून त्या बाजूला बघून उसासा टाकतात. ती कधीच बंद झाली. उसासे टाकण्यात आम्हा गिरगावकरांचा हात कोणी धरणार नाही! पण ज्या वाडीसाठी आपण हळहळतो, त्या वाडीला आपली हाक जात नाही.

इसाकचं काम केलं व्हिक्टर स्योस्ट्रॉमने. हा स्वतः मूकपटांच्या काळातला मोठा दिग्दर्शक. १९१३ साली इथे गिरगावात, कॉरोनेशन थिएटरमध्ये, फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा तिकडे स्वीडनमध्ये तोही नुकताच दिग्दर्शनात उतरला होता. बर्गमनकडे काम करताना तो थकायचा, आणि संध्याकाळची व्हिस्की वेळेवर लागायची म्हणजे लागायचीच. तो खराखुरा शीण पडद्यावर उतरला आहे.

लोक या सिनेमाला स्मरणरंजन म्हणतात. मला ते पटत नाही. आठवणी इसाकची सुटका करत नाहीत. उलट त्याचा कोरडेपणा त्याच्या पदरात घालतात. त्याला सावरतात ती मोटारीतली जिवंत माणसं: ‘तुम्ही स्वार्थी आहात’ असं तोंडावर सुनावणारी सून मारियान आणि वाटेत गाडीत घेतलेली तीन तरुण पोरं. रात्री घरकाम सांभाळणाऱ्या वृद्ध आग्दाला तो म्हणतो, आता आपण एकमेकांना नावाने हाक मारू या. बाई साफ नकार देतात! इतक्या वर्षांनी हे काय भलतंच? मात्र झोपायला जाताना आपलं दार किंचित उघडं ठेवतात, काही लागलं तर असावं म्हणून. सगळ्या सिनेमात मला ही जागा सगळ्यांत आवडते. माया आहे, पण तिचा गवगवा नाही.

वाडीतही एकटी राहिलेली म्हातारी माणसं आहेत. मुलं परदेशी किंवा उपनगरात, आणि दारासमोर दर रविवारी कॅमेरे. रंगीत खिडकीचा फोटो निघतो, खिडकीतलं माणूस मात्र चौकटीबाहेर ठेवलं जातं. घरं वाचायला हवीतच, त्याबद्दल वाद नाही. पण जाल तेव्हा फोन खिशात ठेवा, आणि कोणी व्हरांड्यात बसलेलं दिसलं तर आधी ‘कसे आहात?’ एवढं तरी विचारा.