कामवारीच्या काठानं

भिवंडीत लोक कापड घ्यायला येतात, गोदामात माल उतरवायला येतात. नदी बघायला कोणी येत नाही. दिवाळी उलटल्यावर मी गेलो तो रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमबरोबर. वाडा रस्त्याचे खड्डे आणि कंटेनरची रांग चुकवत आम्ही आधी कामवारीच्या वरच्या अंगाला पोहोचलो. भात कापून झालं होतं, बांधावर पेंढ्यांच्या उडव्या होत्या आणि पाण्याचा तळ दिसत होता.

मॅडमनी बुडबुडा राहणार नाही अशी बाटली पाण्यात बुडवून भरली. पिपेटनं आधी मँगनीज सल्फेट, मग आयोडाइडचं अल्कली द्रावण सोडलं, बूच लावलं आणि बाटली उलटसुलट केली. आत तपकिरी साका धरला. “पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आहे. नसता तर साका पांढरा पडला असता,” त्या म्हणाल्या.

तिथून खाली नदीनाक्याला आलो. मागांची खटखट इथे गल्लीगल्लीतून ऐकू येते. माग चालायचा तर ताण्याच्या सुताला सायझिंगमध्ये कांजी लावावी लागते. पुढे कापड धुताना ती सुटते. कांजी काही विष नव्हे. पण ती खाणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, आणि माशांना काही उरत नाही. त्यात डाइंगचे रंग आणि शहराचं सांडपाणी. आपल्या नद्या पावसावर जगणाऱ्या. पावसाळ्यात सगळं वाहून जातं, पण पाऊस गेला की सांडपाणी पातळ करायलाही नदीत पाणी नसतं.

पुलाखालचं पाणी काळपट होतं. इथल्या बाटलीत पांढरट साका धरला. बघत उभे असलेले एक आजोबा म्हणाले, “आम्ही हितंच पोवायला शिकलो. आता गुरं पण तोंड लावत नाहीत.”

ही बाटली घेऊन कोर्टात जाता येईल का, मी विचारलं. मॅडम हसल्या. 1974च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम 21 त्यांना पाठ होतं. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं रीतसर नोटीस देऊन घ्यायचा, मालक हजर असून त्यानं मागितलं तर त्याच्यासमोर दोन भाग करायचे, सील करायचे. तरच तो पुरावा. आमची बाटली म्हणजे नुसती माहिती. मात्र त्याच कायद्याच्या कलम 49नुसार कोणीही नागरिक 60 दिवसांची नोटीस देऊन फिर्याद करू शकतो. शेजारच्या उल्हास आणि वालधुनीसाठी ‘वनशक्ती’ संस्था हरित लवादाकडे गेली, तेव्हा 2015 साली लवादानं प्रदूषण करणाऱ्यांना कोट्यवधींचा दंड सुनावला होता.

नदीलाच कायद्यानं व्यक्ती मानलं तर? देवाच्या मूर्तीला आपल्या कायद्यात तो मान आहे. मार्च 2017मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं गंगा-यमुनेला तो दिला आणि सरकारी अधिकाऱ्यांना पालक नेमलं. राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलैत स्थगिती आली. कोलंबियात 2016 साली अत्रातो नदीला न्यायालयानं हक्क दिले, तेव्हा पालक दोन ठरले: एक सरकारचा, एक काठावरच्या लोकांचा. मला यातला दुसरा पालक महत्त्वाचा वाटतो. मूर्तीचा हक्क चालतो तो तिच्या वतीनं भांडणारा वहिवाटदार असतो म्हणून.

खाडीकडे निघालो तेव्हा मॅडम पुढचा बेत सांगत होत्या: दर महिन्याला त्याच जागा, तीच वेळ, कॉलेजची मुलं आणि काठावरच्या गावांतली माणसं. वर्षभराची वही तयार झाली की नोटीस. आजोबांनी आपला फोन नंबर आधीच लिहून दिला होता.